दहा आकडी सवत

“काय गो दमयंती, सवत काय बोलते तुजी?” होडीत रिकामी टोपली टेकवता टेकवता येसूबाईनं विचारलं, आणि मुलुंडच्या बाजारात मासे विकून परतणाऱ्या बाया पदराआड हसायला लागल्या.

दमयंतीला आता राग येत नसे. ही थट्टा वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. “बरी हाय,” ती म्हणाली. “खात नाय, पीत नाय, लुगडं मागत नाय. अशी सवत कोनाला मिळते?”

“पन नवरा घेऊन बसलीय ना?”

“बसू दे. भात जेवायला माज्याकडंच येतो.”

होडी ऐरोलीच्या काठाला लागेपर्यंत बायांचं हसणं चाललं. येसूबाई ही दमयंतीची थोरली वहिनी, तुळशीरामची बायको. तोंडानं फटकळ, पण नणंदेच्या चुलीवर आज काय शिजलं याची खबर घेतल्याशिवाय तिला घास गिळत नसे. थट्टा करायचा हक्क तिनं असा कमावलेला होता.

सवत म्हणजे एक संख्या होती. दमयंतीचे यजमान, रोहिदास मास्तर, गावच्या शाळेत शिकवायचे. जातीनं कोळीच, पण बाप ठाण्याच्या गिरणीत लागलेला, त्यामुळं मास्तरांचा जन्म चाळीत गेला. जाळं कसं फेकतात हे त्यांना पुस्तकातल्या चित्रावरून ठाऊक. एकदा दुसरीतल्या कुणा पोरानं पाटीवर एकापासून नवापर्यंत आकडे ओळीनं काढले आणि पुढं काय येतं ते न आठवल्यानं पुन्हा एक काढून ठेवला. मास्तर चूक दुरुस्त करायला वाकले ते वाकलेलेच राहिले.

१२३४५६७८९१. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्याण्णव. एवढं मोजण्यासारखं ऐरोलीत काही नव्हतं. खाडीच्या चिखलातले निवटे मोजायला बसलं असतं तरी तिथवर पोचणं कठीण. मास्तरांनी पोराला पाठीत धपाटा घालायच्या ऐवजी घरी जायला सांगितलं आणि स्वतः पाटीपुढं बसले. संख्या विषम होती. आकड्यांची बेरीज शेहेचाळीस, म्हणजे तिनानं भाग जायचा नाही, नवानंही नाही. शेवटी एक, म्हणजे पाचाचा प्रश्न मिटला. सातानं भागलं तर चार उरत होते, अकरानं भागलं तर सात, तेरानं भागलं तर अकरा. ही मूळ संख्या तर नसेल? तो प्रश्न मास्तरांच्या डोक्यात शिरला आणि तिथंच बिऱ्हाड करून राहिला.

मूळ संख्या म्हणजे काय, हे त्यांनी दमयंतीला चिंचोके मांडून दाखवलं होतं. बारा चिंचोक्यांच्या तीन-तीनच्या ओळी लागतात, चार-चारच्या लागतात, सहा-सहाच्याही लागतात. तेरा घेतले की कशाही मांडा, शेवटची ओळ लंगडीच राहते. बारा संयुक्त, तेरा मूळ. सगळ्या संख्यांच्या या दोनच जाती. एक तेवढा कुठल्याच जातीत बसत नाही.

“मंग ही तुमची कुटल्या जातीची?” दमयंतीनं विचारलं होतं.

“तेच तर बघायचंय.”

बघायचं म्हणजे तिला एकेका मूळ संख्येनं भागत जायचं. पस्तीस हजारांच्या किंचित पुढपर्यंत कुणाचाही निःशेष भाग गेला नाही, तर त्यापुढं बघायची गरज नाही, ती मूळच. मधल्या एकाचाही भाग गेला, की खेळ खलास. पस्तीस हजारांपर्यंत असे भाजक हजारोंनी पडलेले. मास्तर शाळेतून आले की चहा घेत, पाटी मांडीवर घेत, एखाद-दुसरा भागाकार करत आणि पाटी पुसून टाकत. कुणी विचारलं की याचा उपयोग काय, तर म्हणत, “काही नाही.” आणि इतक्या खुशीत म्हणत, की विचारणारा ओशाळून जाई.

त्यांना मूलबाळ नव्हतं. गावानं त्यावर बोलायचं ते बोलून घेतलं होतं. नवस झाले, झाडपाला झाला. मास्तरांनी मात्र त्याबद्दल दमयंतीला आयुष्यात एक शब्द ऐकवला नाही. दुसरी बायको कर म्हणून सांगायला ठाण्याहून त्यांची आत्या आली, तर तिला पोटभर जेवू घालून त्यांनी त्याच दिवशी परतीच्या होडीत बसवलं. मास्तर दुसरी आणत नाहीत म्हटल्यावर गावच्या बायांनी पाटीवरच्या संख्येलाच सवत करून टाकलं. या सवतीला दमयंती कधीमधी हळूच नीट बघून घेत असे. हा एवढा भला माणूस रोज हिच्याकडं बघतो, तेव्हा हिच्यात काहीतरी असणारच, असं तिला वाटे.

साठ सालच्या सुमारास मास्तरांना फळ्यावरची शेवटची ओळ दिसेनाशी झाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही. परत येताना होडीत मास्तर बराच वेळ पाण्याकडं तोंड करून बसले होते.

“शाळा सुटली तरी चालेल, दमयंती,” ते म्हणाले. “एवढं एक कळायला हवं होतं. ती फुटते की नाही फुटत. तेवढं कळलं असतं तर बाकी कशाची तक्रार नव्हती.”

दमयंतीनं त्या माणसाला कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. हे मागणं होतं, आणि ते डॉक्टरकडं किंवा देवाकडं नव्हतं. वल्हवणारा सोडला तर होडीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

“मला शिकवा,” ती म्हणाली.

“काय?”

“भागाकार. तुमी तोंडानं सांगा, मी पाटीवर करीन.”

चाळिशीच्या बाईनं पेन्सिल धरायची म्हणजे काय प्रकार असतो, ते त्या पावसाळ्यात दमयंतीला कळलं. मासळीचा तोंडी हिशेब तिच्या जिभेवर होता, पण लिहायला बसली की हात लाकडाचा व्हायचा. तिचा आठ आडवा पडायचा, पाच पोटात दुखल्यासारखा वाकायचा. आकडे जमले तर भागाकाराची पायरी घसरायची, पायरी धरून ठेवली तर हातचा विसरायचा. तिच्या नाकी नऊ आले. पाटीत अर्धीमुर्धी उरलेली नजर घालून मास्तर म्हणायचे, “सातवीच्या पोरांपेक्षा बरं आहे,” आणि ती म्हणायची, “खोटं बोलू नका, मास्तर.” ते खोटंच बोलत होते. पण दिवाळीपर्यंत ते खरं झालं. पुढच्या वर्षी मास्तरांनी शाळा सोडली, नवे मास्तर आले, आणि उजेड आणि अंधार यापलीकडं रोहिदास मास्तरांना काही दिसेनासं झालं. तोवर पाटी पुरती दमयंतीच्या मांडीवर आली होती.

दोघांनी कामं वाटून घेतली. दमयंती सकाळी बाजाराला जाई, तेव्हा मास्तर ओट्यावर खांबाला टेकून मनातल्या मनात पुढचा भाजक शोधत. ही संख्या मूळ आहे का, ती आहे का, असं पारखत पारखत एक पक्का करून ठेवत. दमयंती परत आली, हातपाय धुतले, की तो तिला सांगत. ती सवतीचे दहा आकडे काढी, शेजारी भाजक लिही आणि भागायला बसे. शेवटी मास्तर विचारत, “किती?” आणि ती सांगे: उरले बाराशे, उरले सत्तावीस, उरले दोन हजार नऊ. काहीही उरलं की मास्तर मान हलवत. आजचा दिवस निभावला.

त्या दिवशी भाजक होता छत्तीसशे सात. उन्हं कलली होती, समोरच्या अंगणात कुणी सुकट पसरली होती आणि दमयंती मधूनमधून कावळे हाकलत होती. भागाकाराच्या शेवटच्या पायरीला ती आली, तेव्हा तिचा हात थांबला. तिनं वरून खालपर्यंत सगळं पुन्हा पाहिलं.

“किती?” मास्तरांनी विचारलं.

“काय नाय उरला,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

तिनं पाटी पुसली आणि सगळा भागाकार पहिल्यापासून केला. कावळ्यांनी सुकटीवर ताव मारला, तिचं लक्ष नव्हतं. मास्तरांच्या हाताची बोटं खांबाला धरून राहिली होती.

“सारका वाटला गेला, मास्तर. काय नाय उरला.”

मास्तरांनी खांब सोडला. मग म्हणाले, “बरं.” आणखी थोड्या वेळानं म्हणाले, “पाटी पूस.”

एरवी भाग कितीचा गेला, पडताळा बरोबर आला का, असे दहा प्रश्न विचारणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. मेलेल्या माणसाची नाडी कुणी पुन्हा पुन्हा बघत नाही. दमयंतीनं पाटी पुसली, पेन्सिल फडताळात ठेवली आणि भात टाकायला आत गेली. चुलीपुढं बसल्यावर तिला रडू आलं.

त्यानंतर मास्तर आजारी पडले नाहीत, चिडले नाहीत, जेवण टाकलं नाही. भात पुढं ठेवला की जेवत, पाणी दिलं की पीत. पण सकाळी बाजाराला निघताना ती त्यांना खांबापाशी बसवून जाई, आणि परत येई तेव्हा ते जसेच्या तसे बसलेले असत, आणि तिला माहीत असे की मधल्या वेळात त्या डोक्यात काही हललेलं नाही. संख्या संयुक्त निघाली, एवढंच झालं होतं. बाराही संयुक्त आहे, शंभरही आहे, त्यांचं काही वाईट चाललेलं नाही, असं ती एकदा बोलली. मास्तर हसले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” ते हसणं पाहून तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. हे मरण आपल्या हातून झालं, हे तिच्या मनातून जाईना. दुसऱ्या कुणी भागलं असतं तर कदाचित काही उरलं असतं, असंही वेड्यासारखं वाटून जाई. सवत गेली आणि सुतक हिलाच लागलं.

होडीतली थट्टाही बंद झाली. येसूबाई एक दिवस शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “त्याला घरात कोंडून ठेवू नको गो. संध्याकाळी बंदरावर आन. तुजा भाऊ असतो, चार मानसं असतात. वारा लागेल.”

मास्तर बंदरावर कधी जात नसत. मासळी वाटत असतील तिथं मास्तर उभे राहिले, तर कुणीतरी एक मासा त्यांच्या हातात कोंबणार, आणि नाही म्हणावं तर त्याला वाईट वाटणार. म्हणून शाळेत होते तोवर त्यांनी ती वाटच सोडली होती. आता ते मास्तर नव्हते. दमयंतीनं हात धरला, तर ते निमूटपणे उठले.

बंदर म्हणजे चार दगडांचा उतार आणि एक उपडी टाकलेली जुनी होडी. मास्तरांना तिच्यावर बसवलं. भरती लागली होती, तुळशीरामची होडी येऊन लागली होती आणि खलाशी आपापल्या वाट्याची वाट बघत कोंडाळं करून उभे होते. वाटे तुळशीराम घालायचा. टोपलीतून एकेक बोय मासा काढायचा आणि चटईवर टाकायचा: थप, थप, थप. वाटे घालताना कुणी बोलायचं नाही, अशी रीत होती. मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. दमयंतीच्या लक्षात आलं, की त्यांचे ओठ हलताहेत. किती तरी महिन्यांनी हा माणूस काहीतरी मोजत होता.

“सारका वाटा,” तुळशीराम म्हणाला. “काय नाय उरला.”

खलाशी वाटे उचलायला वाकले.

“तुळशीराम,” मास्तर म्हणाले, “पंचवीस मासे पडले ना?”

“व्हय, मास्तर.”

“वाटे किती?”

“सा. चार चारचे.”

“म्हणजे चोवीस. पंचविसावा थोडा लांब पडला, तुझ्या होडीच्या बाजूला. मी ऐकला.”

तुळशीराम हसला. डोळे गेलेल्या माणसाचे कान तिखट होतात, हे त्यानं ऐकलं होतं. “तो देवाचा,” तो म्हणाला. “गावदेवीला जाईल.”

“पण उरला ना तो? तू तर म्हणालास काही उरलं नाही.”

खलाशी वाटे सोडून मास्तरांकडं बघायला लागले. येसूबाई घाईनं पुढं झाली. “असा बोलू नका, मास्तर. तो उरला नाय. तो देवाचा.”

“आणि दोन राहिले असते तर?”

“तर उरले दोन, आसं बोललो असतो,” तुळशीराम म्हणाला. “तीन राहिले तर तीन. एक असला तर त्याला मोजीत नाय. बंदरावर ‘एक उरला’ नाय बोलत, मास्तर. होडी बुडते आन् एकच मानूस पोहून येतो, तवा बोलतात तसा. आमच्या बापाच्या वेळेला एकदा बोलले होते. त्याच्यानंतर कोनी तोंडातून काडला नाय.”

दमयंतीला यात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. ती जन्मल्यापासून या काठावर हेच चालत आलं होतं. पण मास्तर उपड्या होडीवरून उठून उभे राहिले होते आणि त्यांचा हात हवेत तिला शोधत होता.

“घरी चल,” ते म्हणाले.

“आता तर आलो.”

“चल.”

वाटेत तिच्या खांद्यावरचा त्यांचा हात तिला पुढं ढकलत होता. आंधळा वाट दाखवतोय आणि डोळस मागं पडतेय, अशी गत. घरात शिरल्याबरोबर त्यांनी पाटी मागितली.

“कशाला उकरून काडता?” दमयंती म्हणाली. “झालं ते झालं.”

“छत्तीसशे सातानं पुन्हा भाग. त्या दिवशी भाजक सांगताना माझीच काही चूक झाली असेल.”

तिला ते खरं वाटलं नाही. आपल्याला सांभाळून घेण्यासाठी ते काहीतरी पोटात ठेवून बोलताहेत, एवढं तिला कळलं. तिनं फडताळातून पेन्सिल काढली, दारात उजेडाला बसली आणि दहा आकडे काढले. हात अडखळत होता, तरी पायऱ्या विसरल्या नव्हत्या. ती शेवटाला आली आणि थांबली.

“भाग कितीचा गेला?” मास्तरांनी विचारलं.

“तीन लाख बेचाळीस हजार दोनशे सत्तर.”

“शेवटी शून्य आहे?”

“हाय.”

“शून्याला कशानंही गुण, शेवटी शून्यच येणार. आणि आपल्या संख्येच्या शेवटी काय आहे?”

दमयंती पाटीकडं बघत राहिली.

“हा एवढा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही,” मास्तर म्हणाले. “आता सगळ्यात खाली काय दिसतं ते सांग. काही नाही असं म्हणू नकोस. पाटीवर जे आहे ते सांग.”

सगळ्यात खाली एक होता. त्या दिवशीही होता, दोन्ही वेळा होता, आणि तिनं तो पाहिलाही होता. पाहून, तिच्या बापानं आणि भावानं आयुष्यभर जे केलं, तेच तिनंही केलं होतं. त्याला मोजलं नव्हतं. आता तिला सगळं कळलं, आणि कळूनही तो शब्द तिच्या जिभेवर येईना. घरात नवरा समोर बसलेला असताना ते दोन शब्द एकापुढं एक कसे ठेवायचे? तिनं बोट वर केलं, मग हे बोट त्यांना दिसणार नाही हे तिच्या ध्यानात आलं. ती सरकत त्यांच्याजवळ गेली, त्यांचा हात उघडला आणि तळव्यावर आपलं एक बोट टेकवलं.

मास्तरांनी मूठ मिटली. बोट मुठीत धरून ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दमयंती रडत होती.

“मी मारली व्हती तिला,” ती म्हणाली. “एवढे म्हैने तुमी तसे बसून राहिलात, आन् माज्यामुळं. मला शिव्या तरी घालायच्या.”

“शिव्या कशाला? मी एवढा शिकवणारा, पण तुमच्याकडं कसं वाटतात हे वीस वर्षांत विचारलं नाही. इथंच राहत होतो ना मी?” त्यांनी तिचं बोट सोडलं नव्हतं. “चूक माझी आहे, दमयंती. आणि चूक झाली हे किती बरं झालं.”

“मंग ती जिती हाय?”

“आज तरी आहे.”

“उद्या कितीनं भागायची?”

मास्तरांनी डोळे मिटले. इतके महिने न हललेलं काहीतरी त्या डोक्यात हललं, हे तिला समोर दिसलं. तिच्या मनात आलं, आपल्याला पोर झालं असतं आणि ते तापातून उठून पेज मागायला लागलं असतं, तर असंच वाटलं असतं.

“छत्तीसशे तेरा,” ते म्हणाले.

महिन्याभरानं अडतीसशे तीनच्या खाली पुन्हा एक आला. दमयंती बसल्या जागेवरून ओरडली, “मास्तर, देवाचा आला,” आणि शेजारपाजारच्यांना वाटलं, घरात कुणी पाहुणा आला. मास्तरांनी तिला समजावून सांगितलं, की आपल्या संख्येतून एक काढला की मागं जी राहते, ती फार ठिसूळ आहे. दोन, तीन, पाच, छत्तीसशे सात आणि हा अडतीसशे तीन, एवढ्यांनी ती फुटते. तेव्हा देवाचा आता पुढं कधी येणार नाही. दमयंतीनं त्या दिवशी देव्हाऱ्यात साखर ठेवली.

होडीतली थट्टा पुन्हा सुरू झाली. येसूबाई म्हणायची, मेलेली सवत उठून बसल्याचं तिनं फक्त याच घरात पाहिलं. दिवसाला एक भाजक, कधी सणावारी तोही नाही, अशी दोघं सावकाश पुढं सरकत राहिली. गाव बदलायला लागलं होतं. पावणे गावाच्या बाजूला कारखाने येणार म्हणून शेतांत खुंट्या मारल्या जात होत्या, मिठागरातली माणसं हळूहळू तिकडं कामाला जाण्याची भाषा करत होती. भाजक पाच हजारांवर गेले, दहा हजारांवर गेले. एवढ्या मोठ्या संख्या मनातल्या मनात पारखायला मास्तरांना आता सबंध सकाळ लागे, पण दमयंती दारात आली की भाजक तयार असे. पस्तीस हजारांपर्यंत आपण दोघं पोचणार नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. दमयंतीलाही ठाऊक होतं. एकदा तिनं विचारलंच.

“पुरी नाय झाली तर?”

“आजपर्यंत फुटली नाही, एवढं तर कळलंय,” मास्तर म्हणाले. “रोज एवढं कळतंय. मला पुष्कळ आहे.”

सहासष्ट सालच्या थंडीत ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, तुळशीराम डॉक्टर आणायला होडी घेऊन निघाला, तो परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आदल्या दिवशीचा भाजक होता वीस हजार अकरा. उरले होते नऊ हजार दोनशे सत्तावन्न. ते ऐकून मास्तरांनी नेहमीसारखी मान हलवली होती.

दिवसकार्य झालं. येसूबाई रात्रीची सोबतीला येऊन राहिली, मग दमयंतीनंच तिला घरी पाठवलं. काही दिवसांनी ती पुन्हा बाजाराला जायला लागली. होडीत बाया तिच्यासाठी जागा करून देत आणि इकडचं तिकडचं बोलत. सवतीचं नाव कुणी काढलं नाही.

एका दुपारी बाजारातून आल्यावर दमयंतीनं हातपाय धुतले आणि पाटी काढली. सवतीचे दहा आकडे लिहिले. शेजारी काय लिहायचं, ते सांगायला आता कुणी नव्हतं. वीस हजार अकरापर्यंत झालं होतं. त्यापुढचा कुठला भाजक कामाचा आणि कुठला बिनकामाचा, हे मास्तर सकाळभर बसून ठरवत. ते कसं ठरवतात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. शाळेतल्या नव्या मास्तरांना विचारता आलं असतं. ते भले होते, त्यांनी सांगितलंही असतं. दमयंतीला विचारायचं नव्हतं. तिनं थोडा वेळ विचार केला आणि ठरवलं, की आपल्याला निवडता येत नाही, तर कुणालाच वगळायचं नाही. तिनं वीस हजार बारा लिहिला.

विषम संख्येला सम संख्येनं निःशेष भाग कधी जात नाही. हे तिसरीतल्या पोरालाही सांगता येतं. मास्तरांनी दमयंतीला ते कधी सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती, कारण तिच्यापर्यंत येणारा प्रत्येक भाजक त्यांनी आधीच पारखलेला असे. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि एकेक पायरी सांभाळत सगळा भागाकार केला. सात हजार पाचशे नव्याण्णव उरले. पडताळा घेतला, तोही बरोबर आला. तिनं आकडा मोठ्यानं सांगितला, नेहमीच्या सवयीनं खांबाकडं तोंड करून.

उजेड अजून होता. तिनं पाटी पुसली, दहा आकडे पुन्हा काढले आणि त्यांच्या शेजारी वीस हजार तेरा लिहिला.